घाटघरच्या हळदीतली गिटार

शनिवार, १० मे २००३. सकाळी दहा वाजता पुण्यातल्या एका हॉलमध्ये गोरखने गिटार हातात घेतली आणि मांडीवर आडवी ठेवली.

"दादा, उभी धरा. छातीशी," शिकवणारी श्रेया म्हणाली.

"आमचा बेंजो असाच असतो."

"ही गिटार आहे."

"दिसतंय की," गोरख म्हणाला आणि ती उभी धरली.

अवसरी बुद्रुकच्या बेंजो पार्टीत गोरख बेंजो वाजवायचा. मांडीवर पेटी, एका हाताने तारा छेडायच्या, दुसऱ्याने बटणं दाबायची. वरातीत लोक नाचायचे ते त्याच्या बोटांवर. पुण्याला तो बहिणीच्या, स्नेहलच्या मुलाच्या बारशाला आला होता. 'दोन दिवसांत गिटार' ही पाटी तिच्या सोसायटीच्या फाटकावर होती. ती वाचून त्याने मुक्काम वाढवला.

कारण घाटघरच्या लग्नाची सुपारी. नवरीचा भाऊ सावळेराम त्याला जुन्नरच्या एसटी स्टँडवर भेटला होता. "बेंजो समदेच आणत्यात. तुमच्याकडं गिटार हाय का?"

"हाय," गोरखने सांगून टाकलं होतं.

त्याच दिवशी पार्टीतला ढोलकीवाला चांगदेव बोलला होता, "घाटघरात फजिती झाली तर तिकडची एक सुपारी आपल्याला मिळायची न्हाई. मग वाजव गिटार, बांधावर बसून."

पहिल्या दिवशी तीन कॉर्ड झाल्या; एकेकीत अनेक सूर एकदम छेडायचे. बटणांना सरावलेली बोटं तारांवर सोलवटली, पण हात ठरल्या जागी पडू लागला. दुसऱ्या दिवशी गोरखने विचारलं, "ताई, आता गाणं कधी वाजवायचं?"

"हेच वाजवायचं. गाणं आपण गायचं, गिटारने साथ करायची."

"आमच्यात कुणी गात न्हाई. गाणं बेंजोच म्हणतो."

"मग गाणारं शोधा," श्रेया म्हणाली. "सुटे सूर वाजवायला वर्ष लागेल."

संध्याकाळी गोरखने जुन्या बाजारातून एक गिटार घेतली. एसटीत चढताना त्याचा बेत पक्का झाला होता. चांगदेवला तो मंचरच्या चहाच्या गाडीवर सांगितला.

"हळदीला बायका गातात का न्हाई?"

"गातात."

"मग झालं तर. त्या गातील, मी साथ करीन."

"त्यांना इचारलंस?"

"इचारायचं काय त्यात? त्या गाणारच हायेत."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घाटघरात मांडवाखाली माइक लागला. बेंजो टेम्पोतच ठेवला होता. बाहेर काढला तर लोक तोच मागतील, असं गोरखचं म्हणणं. नवरी रत्ना पाटावर बसली. तिची आजी गोजरबाई हळदीची वाटी घेऊन पुढे आली.

गोरख वाकून म्हणाला, "आजी, तुमी गा. मी मागनं वाजवतो."

"मागनंच ये," गोजरबाई म्हणाली. "पुढं पळू नको."

तिने गाणं उचललं आणि बायकांनी ते झेललं. गोरखने पहिली कॉर्ड छेडली. ती गाण्याच्या सुराबाहेर पडली. दुसरी छेडली, तीही. आजीचा सूर त्याच्या गिटारपेक्षा जरासा खाली होता. मांडवात कुणीतरी हसलं.

"आजी, जरा थांबा. सूर जुळवून घेतो."

"हळदीचं गाणं मधी थांबत न्हाई, बाबा," गोजरबाईने दोन ओळींच्या मध्ये सांगितलं आणि पुढची ओळ धरली.

"बेंजो काढू का टेम्पोतनं?" चांगदेवने कानाशी विचारलं.

"थांब."

गोरखने गिटार मांडीवर आडवी घेतली, कान तिच्यावर टेकवला आणि खुंट्या पिळू लागला. सूर लावणं त्याला कुणी शिकवायला नको होतं. सावळेराम मांडवाच्या खांबाशी हाताची घडी घालून उभा होता.

बायकांनी चौथं कडवं घेतलं तेव्हा सहापैकी तीन तारा आजीच्या सुराला लागल्या होत्या. तीन राहिल्या होत्या, आणि बेंजो अजून टेम्पोतच होता.