वाकडी घडी

कारखान्यात मला सगळे नापासकाका म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला कान आहेत. आमच्याकडे पुठ्ठ्याचे खोके बनतात. यंत्र पुठ्ठा कापतं, घडीच्या रेघा पाडतं, गोंद लावतं आणि खोका पट्ट्यावरून माझ्यासमोर येतो. घडी रेघेपासून काडीभर जरी सरकली असली, तरी मी तो उचलून मागच्या पिंपात टाकतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. पॅकिंगवाली रोज कुरकुरते, "काका, चालला असता की हो!" मी म्हणतो, "चालला असता म्हणजे चालत नाही."

माझे तळहात आणि तळपाय लहानपणापासून जळतात. मिरची कुटून झाल्यावर हात होतात ना, तसे. घाम तर मला माहीतच नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं, फक्त बाकीचे लोक बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे लेक नऊ वर्षांची असताना पाय जळतात म्हणून रडायला लागली, तेव्हा मी तिला म्हणालो, "नाटकं करू नकोस. सगळ्यांचेच जळतात." आज हे लिहितानाही मान खाली जाते.

तीच लेक आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात दिवसभर उभं राहायचं. ती दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा मेट्रनबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आधी तब्येतीचं बघ. असंच चाललं तर हे काम तुला झेपणार नाही." त्याच महिन्यात माझी मूत्रपिंडं कुरकुरायला लागली आणि आम्ही बापलेक एका डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसलो. माझं जळणं, तिचं जळणं, घाम न येणं, मूत्रपिंडं, हे सगळं एकाच दोऱ्यात ओवणाऱ्या त्या पहिल्याच. पेशींमधला कचरा साफ करणारं एक एन्झाइम माझ्या रक्तात जवळपास नव्हतंच. लेकीचं निम्म्यावर होतं.

"हा दोष बापाकडून प्रत्येक मुलीला जातोच," बाई म्हणाल्या. लेकीने मान डोलावली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो.

"म्हणजे आमच्यात ते बनतच नाही?" लेकीने विचारलं.

"बनतं तर! एन्झाइम म्हणजे सुरुवातीला नुसता मणी ओवलेला लांबलचक धागा. त्याची नेमकी घडी पडली तरच तो कामाचा. पेशीत त्यासाठी दुसरी प्रथिनं असतात, चॅपरोन म्हणतात त्यांना. मी त्यांना पाठराखणी म्हणते. अर्धवट घडीचा धागा दुसऱ्याला चिकटून गुंता होऊ नये म्हणून त्या त्याला धरून ठेवतात. घडी चुकली तर सोडवून पुन्हा संधी देतात. तुमच्या धाग्यात एकच मणी वेगळा आहे, म्हणून घडी सैल पडते. त्या बिचाऱ्या पुन्हा पुन्हा खटपट करतात. शेवटी तपासणीत तो नापास होतो आणि कामाच्या जागेवर पोचण्याआधीच मोडीत जातो."

नापास शब्द ऐकून लेकीने माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं नाही.

"पण तो वाकडा धागा जागेवर पोचला असता, तर काम केलं असतं का त्याने?" मी विचारलं.

"काही जणांचा करतो, बऱ्यापैकी करतो. पण पोचू देतात कुठे?"

सव्वीस वर्षं मी पुठ्ठ्याशी जे करत होतो, तेच माझ्या पोटात कुणीतरी माझ्याशी करत होतं.

औषध होतं. एक छोटीशी गोळी. ती एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते, घडी घट्ट धरते, तपासणीतून पार करून त्याला जागेवर पोचवते आणि मग सुटून जाते. पण ती धाग्यातल्या ठरावीक चुकांनाच लागू पडते. आमची चूक औषधाच्या यादीत नव्हती. म्हणून प्रयोगशाळेत पेशींमध्ये हुबेहूब आमच्या चुकीचं एन्झाइम बनवून त्यावर औषध घालून बघणार होते. तीन आठवडे लागणार होते.

ते तीन आठवडे मी कारखान्यात कसे काढले ते विचारू नका. एकदा वाकडा खोका हातात धरून उभाच राहिलो. पॅकिंगवाली म्हणाली, "काका, आज पास करणार वाटतं?" मी तो पिंपात टाकला. खोका तो खोका. माझं मन भलतीकडेच होतं. वाटत होतं, पन्नास वर्षं त्या पाठराखणी माझा एकेक वाकडा धागा हातात घेऊन बसल्या, एकालाही पहिल्या झटक्यात टाकलं नाही. माझ्या लेकीसाठी मी एवढं केलं नव्हतं. ती रडली आणि मी पहिल्या झटक्यात नापास करून मोकळा झालो. आयुष्यात कधी न बघितलेल्या त्या प्रथिनांचे मी पट्ट्यासमोर उभा राहून मनापासून आभार मानले.

निकालाच्या दिवशी बाईंनी आम्हाला बसूही दिलं नाही. "लागू पडतंय!" त्या म्हणाल्या. "औषध घातल्यावर घडी टिकली, एन्झाइम जागेवर पोचलं. झालेलं नुकसान भरून निघणार नाही, पण पुढचं रोखता येईल. आणि चूक दोघांची एकच, त्यामुळे गोळीही दोघांना चालेल."

बाईंचे आभार मानायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. लेकीकडे वळून म्हणालो, "हे दुखणं मीच दिलं तुला. आणि वर नाटकी म्हणालो. चुकलो गं."

तिने डोळे पुसले आणि माझ्यावरच डाफरली, "बाबा, रडता काय? बरं झालं तुमचीच चूक माझ्या वाट्याला आली! दुसऱ्या कुणाची आली असती आणि तिला गोळी लागू पडली नसती, तर काय केलं असतं मी?"

मग तिने माझा हात धरला. तिचाही जळत होता, माझाही जळत होता, आणि दोघांनीही सोडला नाही.