इंदूबाईच्या हातची भाकर

पहाटे बायबलातलं स्तोत्र वाचल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हापासूनचा हा नेम. त्या दिवशीही स्तोत्र झालं, मग चहा टाकला. आदल्या रात्री बंगलोरहून आलेल्या पियुषच्या पुढे कप ठेवला, तर माझा लेक हळूच म्हणाला, "आई, मी चहा सोडला."

"पोट बिघडलं का रे?"

"नाही. आमच्यात घेत नाहीत."

मला चहाचं काही वाटलं नाही. 'आमच्यात' हा शब्द मात्र आत जाऊन बसला. पियुषचं 'आमच्यात' म्हणजे आम्ही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग त्याने सगळं सांगितलं. नोकरीच्या गावी त्याला पांढऱ्या शर्टातली दोन तरुण मुलं भेटली, मॉर्मन नावाच्या अमेरिकन ख्रिस्ती मंडळीची. तो त्यांच्या उपासनेला जायला लागला. त्यांचं म्हणणं असं, की प्रभूचे प्रेषित मारले गेले आणि त्यांच्याबरोबर बाप्तिस्मा देण्याचा, डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचा अधिकारही पृथ्वीवरून गेला. मागे राहिलं ते चांगलं होतं, पण पोकळ. पुढे कित्येक शतकांनी देवाने तो अधिकार अमेरिकेत एका तरुणाच्या हाती परत दिला. म्हणून पियुषला आता नव्याने बाप्तिस्मा घ्यायचा होता. बंगलोरला परतल्यावर, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी.

त्याचा पहिला बाप्तिस्मा आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी दिला होता. बाळापूरच्या मन नदीत, कंबरभर पाण्यात उभं राहून. सासरे भगवंतराव, म्हणजे आमचे बाबा, चर्चचे निवृत्त पाळक. उभा जन्म मंडळीची सेवा केलेले.

आमच्या ह्यांनी कप आपटला. "चहा सोडला म्हणजे सोर्ग भेटते काय? माया बाप काय खोटा पाळक होता?"

"किशोर," आतून बाबांचा आवाज आला, "त्याले बोलू दे. पोरगं लपवून नाही राहिलं, सांगून राहिलं. फोनवर नाही, घरी येऊन."

ते काठी टेकत बाहेर आले आणि पियुषच्या शेजारी बसले. "बस बाप्पा. मले समजावून सांग. पण सावकाश सांग, माया कान आता पहिल्यासारखा नाही."

त्यानंतरचे दिवस आमच्या ओसरीत लिंबाच्या झाडापुढे दोघांचं बोलणं चाललं. मी भाजी निवडत ऐकायची. मला भांडणाची भीती होती, पण आवाज कधी चढला नाही. बाबा शास्त्र उघडून म्हणत, "प्रभूनं वचन दिलं, की मी शेवटपर्यंत तुमच्यासंगं आहे. मंग मधातली इतकी शतकं तो कुठी गेला होता?" पियुष म्हणे, "तो गेला नव्हता आजोबा. माणसं गेली होती. प्रेषितांनीच सांगून ठेवलं होतं, की लोक सोडून जातील." बाबा मान डोलवत. "हे बरोबर बोलला. काही गेले. पण सारेच्या सारे?"

एकदा त्या तरुण मुलांची गोष्ट निघाली. पियुष म्हणाला, त्यांना एल्डर म्हणतात, म्हणजे मंडळीचे वडील.

"वय किती पोराईचं?"

"वीस-एकवीस."

"बाप्पा! आपल्याकडं मंडळीचा वडील व्हायले केस पिकवा लागते."

पियुष खदखदून हसला. कित्येक दिवसांनी मी त्याचं हसणं ऐकलं.

खरं सांगते, मला त्या परक्या लोकांचा राग करता येईना. पियुष तिकडे महिन्यातून एकदा उपास धरतो आणि त्या दिवशीचं वाचलेलं जेवण गरिबाच्या घरी पोचवतो, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं. संध्याकाळी गुडघे टेकत होता. ज्याला मी लहानपणी ओढून प्रार्थनेला बसवायची, तो आता न सांगता बसत होता. नेमाची किंमत मला कळते. मी मुकाट्याने चहाऐवजी त्याला लिंबूपाणी द्यायला लागले.

पण रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचं, आणि पियुषने सांगून टाकलं होतं, "मी येईन आई, पण भाकर नाही घेणार. खोटं होईल ते."

माझा जीव तिथेच अडकला. प्रभूच्या मेजावरून तो एकदा उठला, की परत बसणार नाही, असं मला वाटत होतं.

प्रभुभोजन बाळापूरच्या पुढच्या एका खेड्यात असतं. बाबांचं जन्मगाव ते. तिथली आठ-दहा घरांची मंडळी त्यांनी म्हातारपणीही सोडली नाही. द्राक्षरस मीच करते. आदल्या दिवशी मनुका भिजवायच्या, उकळून कुस्करायच्या, पातळ फडक्याने गाळायच्या. मी मनुका कुस्करत होते तेव्हा पियुषने विचारलं, "आजोबा, तुमी इतकं ऐकून घेतलं, पण रागावले काहून नाही?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माया माय होती ना, इंदूबाई. तिची गोष्ट तुले कधी सांगतलीच नाही. मी लहान होतो. लढाईच्या दिवसांत मिशनचे साहेब मायदेशी गेले, आपल्या गावाले कोणी पाळक येईना. माया बाप डोमाजी आधीच वारलेला. मायले वाचता येत नव्हतं. पण दर रविवारी ती ताट वाजवे. चार घरची माणसं गोळा होत. जे पाठ होतं ते म्हणे, आन् ज्वारीची भाकर मोडून हातोहात देई. रसाले मनुका कुठून आणणार? गुळाचं पाणी."

"तिले अधिकार कोणी दिला होता?" पियुषने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता.

"कोणीच नाही."

"मंग?"

"मंग कित्येक वर्षांनी एक पाळक सायकलवर आला. त्याले वाटलं, इथं सारं नव्यानं सुरू करा लागते. पायते तर मंडळी बसलेली. त्यानं जोडे काढले, खाली मांडी घातली आन् मायपुढं हात पसरला."

पियुषने गाळायचं फडकं माझ्यासाठी ताणून धरलं. मग म्हणाला, "आजोबा, गोष्ट चांगली आहे. पण प्रेम येगळं, अधिकार येगळा."

"असंल बाप्पा," बाबा म्हणाले. "मी तरी कुठी म्हणतो, की मले सारं समजलं."

रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात माणसं जमली. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. पियुष शेवटी भिंतीला टेकून बसला. बाबांनी भाकरीवर आशीर्वाद मागितला, ती मोडायला हातात घेतली, आणि त्यांचे हात कापायला लागले. नेहमीपेक्षा जास्त. चुरा सतरंजीवर पडला. प्याला उचलला तो कलंडता कलंडता राहिला.

ते खाली बसले. बाकावर नाही, सतरंजीवर, माणसांत. आणि म्हणाले, "रागिणी, आज माया हात चालत नाही. तू दे."

मला वाटलं जमिनीने मला पोटात घ्यावं. आमच्यात बाया रस करतात, भांडी घासतात, पण मेजाला हात पाळकाचा किंवा वडिलांचा. मंडळीचे वडील बंडूभाऊ उठलेच. "पाळकसाहेब, बाईनं? मी देतो ना."

"बंडू, तुयी आजी कोणाच्या हातचं खात होती?"

बंडूभाऊंनी खाली पाहिलं आणि ते बसले. "इंदूबाईच्याच," ते पुटपुटले. मागून कोणी म्हातारी म्हणाली, "हो बाई, आन् गुळाचं पाणी."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. भाकर उचलली. पहिला हात बाबांचा होता, ओंजळ करून धरलेला. ज्या माणसाने मला सून करून आणल्यापासून दर महिन्याला ही भाकर दिली, तो माझ्यापुढे हात पसरून बसला होता. जे इतकी वर्षं त्यांच्याच तोंडून ऐकत आले तेच म्हटलं आणि तुकडा ठेवला.

मग एकेक हात. शेवटचा हात आला तो मी ओळखला. मनगटावर लहानपणी पडल्याची खूण होती.

मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते. मी भाकर ठेवली. त्याने घेतली, आणि माझ्यासमोर खाल्ली.

परतताना एसटीत पियुष बाबांच्या शेजारी बसला होता. पारस फाटा मागे गेल्यावर तो म्हणाला, "आजोबा, मले अजून पटलं नाही."

"नको पटू देऊ. भाकर खाल्ली ना?"

"खाल्ली. आईच्या हातातून घेताना ते खोटं नाही वाटलं." मग तो म्हणाला, "शनिवारी नको, असं मी त्यांना कळवतो. पूर्ण पटल्याशिवाय तिथं पाण्यात उतरणं खोटं होईल. त्या दोघांसंगं मात्र बोलणं सोडणार नाही."

"सोडू नको. भली पोरं हायत. एकदा अकोल्याले घेऊन ये, मलेही विचारायचं आहे त्याईले."

दुसऱ्या दिवशी पहाटे माझं स्तोत्र झालं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभं होतं. पियुष. "मोठ्यानं वाच ना आई," तो म्हणाला.

मी तेच स्तोत्र परत वाचलं. मग चहा टाकला, बाबांचा, ह्यांचा, माझा. आणि एका पेल्यात लिंबू पिळलं.