फक्त ग्राहकांसाठी

“तुमचा आणि रझियाबाईंचा जंतू एकाच घराण्यातला निघाला, द्वारकाताई.” संगणकावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा दाखवत भाग्यश्री म्हणाली. लघवीच्या संसर्गावर औषधं का चालेनाशी झाली आहेत, हे ती जंतूंची जनुकं तपासून शोधत होती. “साध्या गोळ्यांना तो आता भीकच घालत नाही. मध्येच गोळ्या बंद केल्या होत्या का तुम्ही?”

“बंद कसल्या? वाटून घ्यायचो. एक पाकीट दोघींत. जळजळ थांबली की उरलेल्या पुढच्या वेळेला.”

औषधवाल्याने कधी चिठ्ठी मागितली नव्हती आणि डॉक्टरकडे जायला कधी सुट्टी मिळाली नव्हती. गेल्या महिन्यात रझियाचा संसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. साड्यांच्या दुकानात बारा वर्षं द्वारकेच्या शेजारी गादीवर बसून पैठण्या उलगडणारी, हसरी रझिया. तिचा जंतू मात्र इथे शीतपेटीत सुखरूप होता.

“तुम्हाला इंजेक्शनं लागू पडली म्हणून बरं. पुन्हा झालं तर किडनीवर जाईल. भरपूर पाणी प्या आणि लघवी अजिबात रोखू नका.”

“मॅडम, जंतूच्या सात पिढ्या काढल्यात. आमच्या दुकानाची कुंडली कोण मांडणार?”

“ते आमच्या अभ्यासात बसत नाही हो, ताई.”

त्या पोरीवर चिडून उपयोग नव्हता. द्वारका तणतणत जिना उतरली, कोपऱ्यावर पाण्याची मोठी बाटली घेतली आणि दुकानापर्यंत चालता चालता संपवली.

दुकान मंडईजवळच होतं. माळ्यावर चकचकीत संडास, दारावर पाटी ‘फक्त ग्राहकांसाठी’, आणि किल्ली गल्ल्यावरच्या बाबुरावांकडे. गादीवरच्या बायकांनी जायचं सार्वजनिक मुतारीत, तेही गर्दी नसेल तेव्हा. लग्नसराईत गर्दी कधी नसते? म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. गिऱ्हाइकांना सरबत द्यायचं आणि आपण कोरड्या ओठांनी मोरपंखी रंगाचं कौतुक करायचं. रझिया गेल्यावर द्वारकेने मालकांपुढे विषय काढला, तर त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. “आज एकीला किल्ली दिली की उद्या रांग लागेल. दुकान आहे की धर्मशाळा?” दुसऱ्याच दिवशी रझियाच्या जागेवर नवी मुलगी बसली होती.

आता दुकान भरलेलं होतं. द्वारका गादीवर न जाता सरळ गल्ल्याशी गेली.

“बाबुराव, माळ्यावरची किल्ली द्या.”

“अहो द्वारकाबाई, माझी नोकरी घालवता का? गिऱ्हाइकालाच द्यायची, माहितीये ना?”

द्वारकेने शेजारच्या खोक्यातून साडीचा एक फॉल उचलला आणि काउंटरवर आपटला. वर पैसे ठेवले.

“बिल करा.”

“काय तमाशा लावलाय?” मालक आतून आले. त्यांचा आवाज ऐकून गादीवरची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

“तमाशा कसला, मालक? गिऱ्हाईक आहे मी. गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलायचं, तुम्हीच शिकवलंत.” तिचा आवाज चढला. “माझी मैत्रीण मेली या दुकानात लघवी दाबून. मला मरायचं नाहीये.”

नवरीसाठी शालू बघणाऱ्या एका बाईने हातातला सरबताचा पेला हळूच खाली ठेवला. मालकांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

बाबुरावांनी कीबोर्ड पुढे ओढला. “नाव काय टाकू?”

“रझिया शेख.”

त्यांची बोटं थांबली. बारा वर्षं रोज ते नाव त्यांनी हजेरीत लिहिलं होतं. मग त्यांनी ते टाइप केलं आणि बिलावर किल्ली ठेवून दोन्ही हातांनी द्वारकेपुढे केली.

ती माळ्यावर गेली. आतून कडी लावली. खाली मालक बाबुरावांना फैलावर घेत होते, गिऱ्हाइकांना काहीबाही समजावत होते. द्वारकेने घाई केली नाही.