तीन नंबरवरचा कावळा

नागपूरच्या उन्हाबद्दल मी काही सांगितलं की लोक हसतात. हसोत. एका मे महिन्यात आमच्या महाल भागातल्या गल्लीत कावळे विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांग लावून उभे राहत. सावली वीतभर रुंद, म्हणून रांग. सावली सरकली की अख्खी रांग एक पाऊल सरके, धक्काबुक्की नाही, काही नाही. समोरचा श्रीधर टेलर त्या रांगेवर आपलं घड्याळ लावायचा. रांगेत सर्वात मागे एक लंगडा कावळा होता. तो लक्षात ठेवा राजेहो, त्याचं पुढे काम आहे.

आमच्या घराची गच्ची कागदोपत्री माझी आहे. होळीपासून मृगापर्यंत मात्र ती मनकर्णेची असते. मनकर्णा म्हणजे आमची बायको. चार बाजा, त्यांवर जुनी पातळं, पातळांवर कुरडया. दोन लेकींच्या घरच्या, व्याह्यांच्या, गल्लीतल्या आणि अमेरिकेत गेलेल्यांच्या बॅगेतल्यासुद्धा. मनकर्णेच्या हातची कुरडई तेलात टाकली की कढईबाहेर डोकं काढून पाहते, असं मी म्हणतो आणि त्यात फक्त डोकं माझं आहे. बाजांजवळ विटा भरलेल्या बादलीत एक काळी छत्री उघडून उभी असते, कावळ्यांना भिववायला. आणि राखणीला मी.

आता एक गोष्ट तुमच्यात आणि माझ्यात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं मीठ तोडलं. मनकर्णेनं ते इतकं मनावर घेतलं की घरात सगळ्यांच्या ताटात मीठ आणि माझ्या ताटात अळणी लवकी, म्हणजे तुमचा दुधी. अशा माणसानं जगावं कसं? तर दुपारी साडेतीनला मनकर्णा खाली घोरत असते. त्या वेळी कुरडई वरून कुरकुरीत आणि आतून ओलसर असते. दाताखाली आली की तिचं मीठ असं जिभेवर पसरतं की माणसाला आपलं लहानपण आठवावं. मी चौथ्या बाजेच्या कोपऱ्यातल्या सात-आठ खायचो. जास्त नाही.

संध्याकाळी मनकर्णा विचारायची, "अवो, कोपरा रिकामा काहून दिसून राहिला?"

"लंगड्या आला होता."

"छत्रीले भेत नाही थो?"

"तो मौद्याचा आहे वं. वीजकेंद्राच्या चिमणीवर जन्मला. ज्यानं डोळे उघडल्या उघडल्या एवढी मोठी चिमणी पाहिली, तो छत्रीले काय भेते?"

ती "हव का" म्हणायची आणि कोपरा भरून काढायची. असा आमचा संसार सुखाचा चालला होता.

मागच्या माघात आमच्या धर्मेंद्रच्या डोक्यात सोलर शिरलं. धर्मेंद्र माझा मुलगा, सदर भागात चष्म्याचं दुकान आहे. दोन कूलर, एक एसी आणि उन्हाळ्याचं बिल पाहून त्यानं ठरवलं की छतावर पॅनेल बसवायचेच. पहिल्यांदा जो माणूस आला तो जिना चढलाच नाही. खाली सोफ्यावर बसून त्यानं चहा घेतला आणि सांगितलं, सहा पॅनेल, भिंतीवर सगळ्यांची वीज घरच्या कामाची करणारा एक मोठा इन्व्हर्टर, फक्त गच्ची मोकळी पाहिजे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बाजा नाही, त्यांवरची पातळं नाही, छत्री तर नाहीच. एका पॅनेलवर सावली पडली की सगळ्यांचीच वीज घटते.

मनकर्णेनं त्याच्यासमोरचा कप उचलला. "मंग कुरडया काय याच्या चष्म्याच्या दुकानात वाळवू?"

"आई, कुरडया बजारात भेटतात," धर्मेंद्र म्हणाला.

राजेहो, असं वाक्य आमच्या घरात पूर्वी कोणी बोललं नव्हतं. तीन दिवस घरात पोळ्या झाल्या, पण कोणी कोणाला वाढल्या नाहीत. मनकर्णेनं चारही बाजा उभ्या करून जिन्यात लावल्या आणि म्हणाली, लावा तुमचे आरसे, मी यंदा चीकच काढत नाही. गव्हाचा चीक नाही म्हणजे कुरडई नाही. म्हणजे साडेतीन वाजणार, मनकर्णा घोरणार आणि मी लवकी पचवत बसणार. मी अर्धी पोळी ताटात टाकून उठलो. धर्मेंद्रला वाटलं मी आईसाठी कळवळलो. मी ते तसंच वाटू दिलं.

मीच मग प्रशिकला बोलावलं. प्रशिक इंजिनिअर, ओळखीतला, हेच काम करतो. तो आला तो सरळ जिना चढून गच्चीवर. टाकी पाहिली, जिन्याची खोली पाहिली, आणि म्हणाला, "काकू, तुमची छत्री कुठं आहे? बाजा कुठं राहतात? सगळं उन्हाळ्यासारखं मांडा. मी सकाळी नऊला येतो, बाराला येतो न साडेतीनला येतो. सावल्या पाहाच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं खडूनं सावल्या आखायला घेतल्या. खडू उन्हात दिसेना, तेव्हा मनकर्णा रांगोळीचा डबा घेऊन आली. टाकीची सावली पांढरी, बाजांची पिवळी, छत्रीची गेरूनं लाल, आणि प्रत्येकीत किती वाजता ते लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत गच्चीवर असा नकाशा झाला की वरून जाणारं एक विमान रस्ता समजून खाली वळायला लागलं होतं. मी हातानं नाही म्हटलं, म्हणून ते सोनेगावच्या विमानतळावर गेलं.

"पाहा दादा," प्रशिक धर्मेंद्रला म्हणाला, "तुमच्या गच्चीवर सावली एका जागी नाही, फिरत राहते. भिंतीवरचा एकच इन्व्हर्टर म्हणजे पंगत. एक जण हळू जेवला तर सगळे हात वाळवत बसतात."

"आणि तू म्हणतो ते?"

"मी म्हणतो त्या पॅनेलच्या पाठीले ज्याचा त्याचा लहान इन्व्हर्टर कंपनीतूनच बसवून येते. थो बुफे. ज्याचं झालं थो उठला. छत्रीची सावली पाच नंबरवर पडली तर पाच नंबरच उपाशी, बाकीच्या पाचाईले काही नाही."

"बुफेत कोणी कोणाले आग्रह करत नाही," मनकर्णा म्हणाली. पण बाजांकडे पाहून तिनं रांगोळीचा डबा बंद केला.

"महाग असंल," धर्मेंद्र.

"आहे ना महाग. आणखी सांगतो. इन्व्हर्टर पॅनेलच्या खाली, न वर नागपूरचं ऊन. म्हणून वीतभर उंच बसवा लागते, खालून हवा खेळली पाहिजे. बिघडला तर भिंतीवरचा इन्व्हर्टर स्टुलावर चढून पाहता येते, याले मात्र अख्खं पॅनेल उतरवून कंपनीत पाठवा लागते. तुमची गच्ची मोकळी असती न, तर मीच म्हटलं असतं, भिंतीवरचा लावा."

"लाईट गेली तर हे सहा चालतील का?"

"नाही. बॅटरी नसली तर दोन्हीत बंद. खांबावर चढलेल्या लाईनमनले तुमच्या घरची वीज लागू नये म्हणून."

विकायला आलेला माणूस स्वतःच्या मालाचे इतके दोष सांगतो, हे मनकर्णेला फार आवडलं. तिनं त्याला पोहे दिले. धर्मेंद्र मात्र अजून मागेपुढे पाहत होता. तेव्हा मी उठलो. मी म्हटलं, "धर्मेंद्रा, तुह्या आईनं चाळीस वर्षं या गच्चीवर ऊन वापरलं. तुवा तर आत्ता सुरू केलं. पहिला हक्क कोणाचा?" डोळ्यांत पाणीही आणलं. ते पाणी खरं होतं, कारण मला कुरडई दिसत होती. धर्मेंद्र विरघळला. मनकर्णेनं माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर पहिल्यांदाच मला लाज वाटली.

होळीच्या आत पॅनेल बसले. दोन रांगा, तीन-तीन. पॅनेलच्या मावळतीला बाजा. प्रशिकनं धर्मेंद्रच्या आणि मनकर्णेच्या मोबाइलमध्ये सहा चौकोन घालून दिले. जो पॅनेल कमावतो तो चौकोन उजळ, जो बसला तो काळा. मनकर्णेनं मालिका पाहणं सोडलं. भाजी निवडताना चौकोन, जप करताना चौकोन. "पाच नंबर उठला वं माय," असं ती सकाळी अशा मायेनं म्हणायची की मला कधी कोणी असं उठवलं नाही.

मी माझ्या कामाला लागलो होतो. साडेतीनला चौथ्या बाजेचा कोपरा. एकच अडचण, पॅनेलमुळे बसायची जागा बदलली होती आणि तिथं ऊन होतं. म्हणून मी बादलीतली छत्री काढून डोक्यावर धरायचो, आणि खाऊन झालं की परत ठेवायचो.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे गच्चीवर असताना प्रशिक पाना-पकड घेऊन हजर. "दादा, तीन नंबरमध्ये गडबड आहे. माझ्याही मोबाइलात हे चौकोन येतात, तीन आठवडे पाहून राहिलो. रोज साडेतीनला बसते न वीस-पंचवीस मिनिटानं उठते. आतला इन्व्हर्टर तापत असंल. पॅनेल उतरवून पाठवा लागंल, महिना तरी लागंल."

धर्मेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. हे महागडे पॅनेल कोणाच्या अश्रूंनी आले, ते त्याला आठवत होतं.

"पॅनेल बरा आहे," मी घाईनं म्हटलं. "तो लंगड्या. रोज साडेतीनला तीन नंबरवर बसते."

"काकाजी, कावळा?" प्रशिकनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "कावळ्यानं एवढं नाही बसत. सावली छत्रीएवढी तरी पाहिजे."

मनकर्णा उठली, कोपऱ्यात गेली. पाच नंबरच्या खाली, फरशीवर गेरूची लाल रेघ अजून फिक्कट दिसत होती. शेजारी तिच्याच हातचं 'साडेतीन'.

"छत्रीची सावली तं साडेतीनले पाचवर पाहिजे," ती म्हणाली. "तीनवर कशी? काहो, तुमचा लंगड्या छत्री उचलून डोक्यावर घेते का?"

"म्हातारा झाला तो," मी म्हटलं. "ऊन सोसत नसंल."

धर्मेंद्र खोकला. प्रशिक आपल्या पान्याकडे पाहू लागला. मनकर्णा फक्त एवढंच म्हणाली, "पॅनेल नको काढू, बापा. रोगी दुसरा आहे." आणि खाली निघून गेली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी तिनं नेहमीसारखी लवकी वाढली. दुसऱ्या दिवशीही तीच. मी दोन दिवस गच्चीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी साडेतीनला घोरण्याचा आवाज ऐकला आणि माझे पाय आपोआप जिना चढले. पण आता मी शहाणा झालो होतो. छत्रीला हात लावला नाही. ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि बाजेच्या पार पलीकडे जाऊन बसलो. सावली पडली तर गच्चीवर, पॅनेलवर केसभर नाही. तीन नंबर बघून घ्या म्हटलं, कसा झगझगतो ते.

दुसरी कुरडई तोंडात होती. जिन्यात धपधप झाली. मनकर्णा, अनवाणी, त्या तापलेल्या फरशीवर, पदर खांद्यावरून ओघळलेला, हातात मोबाइल.

"काय झालं वं?" मी कुरडईच्या मागून म्हटलं.

"तीन नंबर," तिला धाप लागली होती. "तुम्ही वर आल्याचं आयकलं मी. साडेतीन होऊन गेले न तीन नंबर उजेडातच. म्हटलं, बसले काहून नाही? उन्हात कुठं पडले तं नाही?" पाय भाजले तेव्हा नाचत नाचत बाजेवर चढली.

"म्हणजे तू घोरत नव्हती?"

"दोन वर्षांपासून नाही घोरत. घोरल्याशिवाय तुम्ही वर जात नाही, न वर गेल्याशिवाय तुमचं तोंड नीट होत नाही."

"पण मीठ? डॉक्टर?"

"चौथ्या बाजेचा कोपरा बिनमिठाचा असते. दोन वर्षं झाली. लंगड्यासाठी येगळा चीक घोटते मी."

मी हातातल्या कुरडईकडे पाहिलं. तीच कुरडई. खाल्ली. राजेहो, शपथेवर सांगतो, खारट होती. मी तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, चोरीची असते म्हणून लागते. मग तिनंही एक घेतली, चाखली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि तरी खाल्ली.

ऊन माझ्यापेक्षा तिला जास्त लागत होतं. मी बादलीतली छत्री काढली, जुन्या जागी सरकलो आणि दोघांवर धरली. तीन नंबर बसला. तिचा पदर वाऱ्यानं पॅनेलवर गेला, तसा आणखी बसला. दहा मिनिटांत तिचा मोबाइल वाजला. सदरहून धर्मेंद्र.

"आई, तीन नंबर आज पुरताच काळा झाला. वर पाह्य बरं, काय आहे ते. पुन्हा थो कावळा आला काय?"

मनकर्णेनं मोबाइल माझ्याकडे दिला. तिच्या तोंडात कुरडई होती.

"कावळाच आहे गा," मी म्हटलं. "आज बायकोले घेऊन आला."