ओढ्याचं दार

मित्रांनो, मी एक जुना ओढा आहे. किती जुना? प्रबळगडाला पहिली शिंक आली, तेव्हा मी त्याच्या नाकातून निघालो. खोटं वाटत असेल तर गडाला विचारा.

डोंगरावर मी अंगठ्याएवढा. कातळावरून घसरत उतरायचं, वाडीजवळच्या डोहात दम घ्यायचा, सपाटीला आलं की भातशेतांतून आळसावत वळायचं आणि पनवेलच्या खाडीत शिरायचं, हा माझा रस्ता. एकदा सपाटीवरच्या भातशेतकऱ्याची, काशीरामची, म्हैस मी ओहोटीला खाडीत नेली आणि भरतीला परत आणून सोडली. मधल्या वेळात तिचं दूध कुणीतरी काढलं होतं. कुणी, ते सांगणार नाही.

खाडीच्या तोंडाशी बांध होता आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी दार. खारं पाणी भाताला लागू नये म्हणून भरतीला काशीराम ते पाडायचा. ओहोटीला उचलायचा आणि मला म्हणायचा, "जा बाबा, जा." एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग शेतांवर भराव पडला. काशीरामच्या नातवाने, भावेशने, तिथे इमारती काढल्या आणि मला पाइपात कोंबलं. उघाडीचं काय करायचं, ते मात्र त्याने आजोबालाच विचारलं.

"आता भातच नाय, त खारं पानी आडवून काय करायचा?" काशीराम म्हणाला. "बुजव."

माझ्या काठावर झोपडी असलेली चिंधी हसली. "आन् वरचा पानी कुठं जावाचा, काशीदादा? तुमच्या गच्चीवर?"

"पाइप हाय ना! तू गप ऱ्हा."

जन्मभर दार उघडणारा माणूस, पण त्याच्या ध्यानात राहिलं ते फक्त बंद करणं! भावेशने उघाडी बुजवली; खाडीकडे जायला मला उरला तो बिनदाराचा बारका पाइप.

गेल्या श्रावणात उधाणाची भरती आणि डोंगरावरचा पाऊस एकाच दुपारी आले. पाइपातून समुद्र वर चढला, डोंगरातून मी खाली. मागे फिरणं मला येत नाही. इमारती भरावावर उंच बसलेल्या. सखल जागी उरली होती ती चिंधीची झोपडी. मी तिच्यात शिरलो. ओहोटी लागली, तरी त्या बारक्या पाइपातून मला निघता येईना. कुडाच्या भिंती माझ्या अंगातच विरघळल्या.

डोक्यावर भाताचा टोप घेऊन रस्त्यावर उभी राहून चिंधी ओरडली, "मेल्या, तुझाच पानी पिऊन जगलू, आन् तुला माझाच घर गावला?"

एरवी थापांना मी कमी नाही. ही मात्र थाप नाही.

चिंधी आता पुलाखाली राहते. पाऊस वाढला की काशीराम गच्चीवरून मला हात जोडतो, "शांत हो रं बाबा." अरे, रागावलो असतो तर आधी तुझ्याच गच्चीवर आलो असतो. मी अडकलोय!

मित्रांनो, ओढ्याला हात जोडू नका. त्याच हातांनी त्याचं दार उघडा.