तुटक शिरोरेघ

प्रेरणा तिसऱ्यांदा भिंग घेऊन बसली. रहस्यकथा लिहिणाऱ्या नामवंतांच्या सह्यांचे कागद जमवायचे तिला वेड होते. रविवारी शाहूपुरीतल्या वाचनालयात ते मांडायचे होते. ‘शशांक करवीरकरांच्या हस्ताक्षरात’ अशा पट्ट्याही लिहून झाल्या होत्या. पण नुकताच मिळालेला, त्यांनी प्रकाशकाशी केलेला करार तिला स्वस्थ बसू देईना. तिच्याकडच्या करवीरकरांच्या बाकी सह्यांत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी, तुटक होती. या सहीत ती सलग होती. खोटी असेल, तर आपण फसलो. आणि लोकांनाही फसवणार.

शेवटी ती ते सगळे कागद घेऊन दिवंगत करवीरकरांच्या पत्नीकडे, रत्नव्वांकडे गेली. म्हातारीने चष्मा पुसला.

“आक्का, ही एकच सही वेगळी आहे. खोटी आहे का?”

“खोटी? ही तर त्यांचीच हाय की!”

“मग बाकीच्या?”

“त्या माझ्या.”

प्रेरणाने फाइल पुन्हा उघडली.

“सरकारी नोकरी हुती त्यांची. साहेबानं अक्षर वळखलं तर? म्हणून टोपणनावाची सही मीच ठोकायची. माझी शाळा कानडी. मराठी शिकलो ती ह्यांच्या गोष्टी वाचून. एक अक्षर, त्याच्यावर एक रेघ. मग फुडचं.”

“आणि ही?”

म्हातारीने कराराची तारीख बघितली. “तवा मी जयसिंगपूरला म्हायारी गेलतो, पयल्या बाळंतपणाला. प्रकाशक दारात बसला असंल. काय करत्यात बिचारं!” ती हसली. मग सहीवरून बोट फिरवायला लागली.

प्रेरणा कागदाला कुणाचा हात लागू देत नसे. घामाने शाई विरते. एकच अस्सल सही, आणि तिच्यावर ते बोट.

“त्यांचं अक्षर न्हाय माझ्याकडं,” रत्नव्वा म्हणाल्या. “चिठ्ठीसुदिक न्हाय. घरातल्या घरात कोण लिवतंय? ह्यो कागद माघारी मागणार व्हय तू?”

“मागणार होते,” प्रेरणा म्हणाली. खोटे बोलणे तिला जमत नसे. तिने कागदाकडे बघितले, मग दाराकडे, मग परत कागदाकडे. प्लॅस्टिकचे पाकीट तिने पर्समधून काढले आणि म्हातारीपुढे सरकवले. “यात ठेवा. उन्हात नको. हात लावायचा तर धुऊन, कोरडा करून.”

“शाळामास्तरीण हाईस का काय गं?”

“कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.”

“तरीच.”

प्रेरणा उरलेले कागद आवरू लागली. ज्या सह्यांसाठी तिने वर्षानुवर्षे रद्दीची दुकाने पालथी घातली, त्यांतली एकही आता करवीरकरांची नव्हती. पट्ट्या पुन्हा लिहायच्या होत्या, आणि काय लिहायचे ते सुचत नव्हते.

“आक्का, पट्टीवर तुमचं नाव घालू?”

रत्नव्वांनी करार पाकिटात सरकवला.

“घाल की. आता कुठला साहेब इचारतोय? आनि रविवारी मलाबी न्हे. माझ्या सह्या मी कधी भिंतीवर बघितल्या न्हाईत.”