खसखशीएवढं काळीज

हौसेरावांनी तुर्भ्याच्या बाजारात तीस वर्षं पोती वाहिली. छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी ओझं बंद केलं आणि रोज सकाळी एक गोळी लावून दिली. त्यांची मुलगी उत्कर्षा वाशीच्या एका कॉलेजात माशांवर संशोधन करायची. "एकदा या की बघायला," म्हणायची. हौसेराव हसून सोडून द्यायचे. मासा त्यांना ताटातला तेवढा ठाऊक.

त्या शनिवारी मात्र ते गेले. उत्कर्षानं त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

आधी नुसताच उजेड. मग काचेसारखं आरपार अंडं, आत गुंडाळलेला जीव, दोन काळे डोळे. आणि डोळ्यांखाली काहीतरी लगालगा हलत होतं.

"काळीज हाय ते?" हौसेरावांचा आवाज आपोआप खाली आला.

"हो आबा. परवा हा सगळा जीव नुसता थेंब होता."

खसखशीएवढ्या अंड्यात रक्त पळताना दिसत होतं. हौसेराव आणखी पुढं वाकले.

मग तिनं भिंगाखाली अंड्यांची दुसरी बशी ठेवली. इथं एकाच्या काळजाभोवती पाणी साठून अंग फुगलं होतं, ठोके रेंगाळत होते.

"हे दमलंय गं."

"हे नाल्याच्या पाण्यात वाढवलंय. त्या पाण्यात औषधं सापडली. एक तर तुमच्या गोळीतलंच."

"माजी गोळी? हितं कशी?"

"थोडं औषध अंगातून तसंच बाहेर पडतं, गटारातून नाल्यात जातं. कारखान्यांतूनही येतं. तुमचे ठोके ते आवरतं, तसे याचेही आवरतं. पण याचं काळीज अजून घडतंय."

हौसेरावांनी नकळत स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. एवढा थोरला आपला देह आणि हा एवढासा जीव, दोघांची काळजं एकाच औषधाचं ऐकतात!

"मंग मरनार हे?"

"काहींना आता स्वच्छ पाण्यात हलवतेय. सावरतात का, तेच बघायचंय."

हौसेराव उठलेच नाहीत. एकाचे दुपारी अर्ध्या मिनिटात छत्तीस ठोके होते, संध्याकाळी एक्कावन्न. हलवलेल्या सहापैकी चौघं सावरली. दोघांची पाठ वाकलेलीच राहिली. त्यांच्यापाशी हौसेराव बराच वेळ थांबले.

तेवढ्यात सावरलेल्यांतलं एक अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं, क्षणभर आडवं पडलं आणि शेपटीचा एक झटका देऊन उजेडाच्या गोलातून दिसेनासं झालं.

"कुटं गेलं गं?" भिंगावरून डोळा न काढता हौसेरावांनी विचारलं.

उत्कर्षानं बशी जराशी सरकवली.